मोटारसायकलच्या टायरचा व्हॉल्व्ह: तपासणी, देखभाल आणि नेहमी विचारले जाणारे प्रश्न

टायर कोणत्या कंपनीचा घ्यावा यावर आपण तासन् तास बोलतो, पण ज्या दोन इंच रबराच्या भरवशावर ती सगळी हवा आत थांबते त्याच्याकडे फक्त हवा भरताना बघतो. तेही हवा भरणारा बघतो, आपण मोबाईल बघत असतो. इथले प्रश्न रोज गाडी चालवणाऱ्यांचे आहेत: शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्या, स्कूटर, बुलेट, अधूनमधून लांबच्या राइडला जाणाऱ्या मोठ्या गाड्या.

दर आठवड्याला हवा कमी होते, पण पंक्चर सापडत नाही. व्हॉल्व्ह खराब असेल का?

असू शकतो, आणि पहिला संशय तिथेच घ्यावा, कारण तपासायला तेच सगळ्यात सोपं आहे. टायरमधून महिन्याला एक-दोन पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा आपोआप कमी होते, रबरातूनच ती झिरपते. त्यात काळजीचं काही नाही. आठवड्यात चार-पाच पीएसआय गेली, तर मात्र कुठेतरी वाट आहे.

ट्यूबलेस टायरमध्ये वाटा चार: व्हॉल्व्हच्या आतली पिन, व्हॉल्व्हचं बूड, टायरमध्ये घुसलेला खिळा किंवा तार, आणि टायरची कड जिथे रिमला टेकते ती जागा. खड्ड्यात आपटून अलॉय रिमची कड दबली असेल, तर हवा तिथून जाते. बरेचदा पंक्चरवाला चाक पाण्यात फिरवून फक्त टायरचा पृष्ठभाग बघतो आणि "पंक्चर नाही" असं सांगून मोकळा होतो. व्हॉल्व्ह पाण्यात नीट बुडलाच नसेल, तर ती गळती दिसणारच नाही. म्हणून "व्हॉल्व्हचं तोंड आणि बूड दोन्ही बघा" असं तोंडाने सांगा. सांगितलं की बघतात.

व्हॉल्व्हमध्ये आत असतं तरी काय?

बाहेरून दिसतो तो देठ. ट्यूबलेसमध्ये तो बहुतेक वेळा रबराचा असतो आणि त्याच्या आत पितळी नळी असते. त्या नळीत आट्यांवर फिरवून बसवलेली छोटी पिन असते, आणि तिच्यात एक बारीक स्प्रिंग, मधोमध दांडी आणि दोन सील. एक सील पिनच्या बाहेरून नळीला बसतं, दुसरं दांडीच्या आतल्या टोकाला. दांडी दाबली की दुसरं सील उघडतं, सोडली की स्प्रिंग आणि आतली हवा मिळून ते बंद करतात.

ही रचना श्रेडर व्हॉल्व्ह म्हणून ओळखली जाते. अमेरिकेत 1893 साली तिचं पेटंट झालं आणि आजही मोटारसायकल, कार, ट्रक सगळीकडे तीच चालते. त्यामुळे पिन कुठल्याही गावात मिळते. जुन्या सायकलींची वालट्यूब ही वेगळी गोष्ट, तिचा इथे संबंध नाही.

घरच्या घरी व्हॉल्व्ह कसा तपासायचा?

साहित्य म्हणजे भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, अर्धी वाटी पाणी आणि एक जुना टूथब्रश. चांगला उजेड हवा. गाडी मेन स्टँडवर लावा आणि चाक फिरवून व्हॉल्व्ह हाताशी येईल असं थांबवा. आधी टायरमध्ये हवा पूर्ण असू द्या. दहा पीएसआयवर बारीक गळती दाखवायला जोरच नसतो.

टोपी काढा. ब्रशने देठाच्या तोंडाभोवतीची माती साफ करा आणि मग साबणाच्या पाण्याचा एक थेंब बरोबर तोंडावर ठेवा. आता घाई करू नका. थेंबाचा पातळ पडदा तोंडावर ताणलेला दिसेल. तो सपाट राहिला तर पिन ठीक. तो हळूहळू फुगून घुमट झाला, फुटला आणि पुन्हा फुगू लागला, तर पिन गळते. फार बारीक गळतीत हा घुमट यायला मिनिटभरही लागतं, म्हणून मिनिटभर तरी थांबा. पंक्चरवाले तोंडावर थुंकी लावून हेच बघतात, पण साबणाचं पाणी जास्त नीट दाखवतं.

दुसरी पायरी बुडाची, आणि ही बहुतेकजण करतच नाहीत. रिमच्या भोकातून देठ जिथे बाहेर येतो तिथे चारी बाजूंनी साबणाचं पाणी लावा. मग अंगठ्याने देठ हलकेच एका बाजूला वाकवा, नंतर दुसऱ्या, मग पुढे, मग मागे. सरळ असताना बंद राहणारी चीर वाकवल्यावर उघडते आणि तिथून बुडबुड्यांची बारीक माळ येते. बुडबुडे आले नाहीत तरी वाकवलेल्या बाजूचं रबर निरखून बघा. निरोगी रबर गुळगुळीत आणि काळंभोर दिसतं. म्हातारं झालेलं रबर करडं पडतं आणि त्यावर बुडाला वेढा घालणाऱ्या केसासारख्या भेगा दिसतात. अशा भेगा दिसल्या तर हवा गळत नसली तरी व्हॉल्व्ह बदला. जोर लावून तो मुळापासून वाकवू नका, हलका दाब पुरतो.

ट्यूबवाल्या गाडीची तपासणी वेगळी असते का?

थोडी. तोंडावरची थेंबाची चाचणी तीच. पण ट्यूबचा व्हॉल्व्ह ट्यूबलाच चिकटवलेला असतो, त्यामुळे त्याच्या बुडाशी गळती असली तर हवा ट्यूब आणि टायरच्या मधून फिरून व्हॉल्व्हच्या भोकातून किंवा आऱ्यांच्या निपलांतून कुठूनही बाहेर पडते. म्हणजे बुडबुडे दिसले तरी गळती नेमकी कुठे आहे ते कळत नाही. ट्यूब बाहेर काढून पाण्यात बुडवावीच लागते. आणि व्हॉल्व्हच्या मुळाशी ट्यूब फाटली असेल, तर तिथे पॅच टिकत नाही. नवी ट्यूब घ्या.

व्हॉल्व्हची टोपी हरवली आहे. तशीच गाडी चालवली तर चालेल का?

एक-दोन दिवस चालेल, पण नवी बसवा. टोपी म्हणजे नुसतं झाकण आहे असं बहुतेकांना वाटतं, आणि ती हरवली की कोणी परत घेत नाही. तिची दोन कामं आहेत. पहिलं उघड आहे: धूळ आणि चिखल बाहेर ठेवणं. तोंडात बसलेला वाळूचा कण हवा भरताना आत ढकलला जातो, सीलवर बसतो आणि त्या दिवसापासून गळती सुरू होते. उघड्या व्हॉल्व्हमध्ये हवा भरण्याआधी तोंड पुसावं ते याचसाठी.

दुसरं काम वेगाशी जोडलेलं आहे. चाक फिरतं तेव्हा व्हॉल्व्हचा प्रत्येक भाग बाहेरच्या दिशेला, म्हणजे टायरकडे ढकलला जातो. पिनची दांडीही त्याच दिशेला सरकल्यावर उघडते. सतरा इंची चाकाची गाडी ताशी 100 किलोमीटरवर असताना हा जोर त्या भागाच्या वजनाच्या साधारण दीडशे पट होतो. नव्या पिनची स्प्रिंग आणि टायरमधली हवा मिळून तो सहज पेलतात. पण स्प्रिंग थकलेली असेल, सीलवर कचरा असेल, तर भरधाव गाडीत दांडी किंचित उचलली जाऊ शकते आणि थांबल्यावर पुन्हा बंद होते. मग गॅरेजमध्ये काहीच सापडत नाही आणि हवा मात्र जात राहते. आतून रबरी वायसर असलेली टोपी घट्ट बसवली असेल, तर ही हवा तिथेच अडते.

मग टोपी कोणती घ्यावी? धातूची, लाइटवाली, हिरवी?

प्लास्टिकची, हलकी, आत रबरी वायसर असलेली. नुसत्या पोकळ प्लास्टिकच्या टोप्या धूळ अडवतात, हवा अडवत नाहीत. तेव्हा घेताना आत डोकावून बघा.

ॲल्युमिनियमच्या रंगीत टोप्या दिसतात छान, पण पितळी आट्यांवर त्या पावसाळ्यात गंजून जाम होतात. मग पकडीने फिरवताना टोपीबरोबर देठ पिळला जातो आणि बुडाशी फाटतो. बसवायचीच असेल, तर दर महिन्याला एकदा काढून पुन्हा लावा. लाइटवाल्या, कवटीच्या, गोळीच्या आकाराच्या जड टोप्या रबरी देठावर अजिबात नकोत. वर सांगितलेला दीडशे पटीचा हिशोब त्यांनाही लागू होतो.

हिरव्या टोपीचा अर्थ एवढाच की कोणीतरी नायट्रोजन भरला आहे. नायट्रोजन भरला म्हणून व्हॉल्व्ह वेगळा लागत नाही, आणि गळका व्हॉल्व्ह नायट्रोजनही सोडतो.

पिन गळते आहे. ती स्वतः बदलता येते का?

येते, आणि शिकून घ्यावी अशीच गोष्ट आहे. पिन काढायची छोटी किल्ली सायकलच्या किंवा टायरच्या दुकानात मिळते. काही धातूच्या टोप्यांच्या डोक्यावर दोन पाय असतात, तीसुद्धा हीच किल्ली. गाडी मेन स्टँडवर घ्या, कारण हवा गेलेल्या टायरवर गाडीचा भार आला तर ट्यूबलेस टायरची कड रिमवरून सुटू शकते, आणि ती परत बसवायला हातपंप पुरत नाही.

आधी दांडी दाबून हवा सोडून द्या. भरलेल्या टायरची पिन थेट फिरवू नका, सुटताक्षणी ती जोरात उडते. चेहरा व्हॉल्व्हच्या रेषेत नको. मग किल्लीने डावीकडे फिरवून पिन काढा, नळीचं तोंड कापडाने पुसा, नवी पिन हाताने आट्यात धरवा आणि किल्लीने टेकेपर्यंत फिरवा. टेकल्यावर अगदी किंचित, बोटांच्या जोरावर. पकड वापरून आवळली तर सील चिरडतं आणि नवी पिन पहिल्याच दिवशी गळते. हवा भरून पुन्हा थेंबाची चाचणी घ्या.

कधीकधी पिन खराब नसते, फक्त सैल झालेली असते. म्हणून बदलण्याआधी किल्लीने एकदा आवळून बघा.

नवीन टायर टाकताना व्हॉल्व्ह बदलायलाच हवा का? दुकानदार म्हणतो, जुना चांगला आहे.

बदलायलाच हवा. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल, तर ही ठेवा.

ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह रिमच्या आतून ओढून बसवतात. बदलायचा म्हणजे टायरची कड रिमवरून उतरवावी लागते, आणि मजुरी असते ती त्याचीच. टायर बदलताना ते काम तसंही होतच असतं. त्या वेळी नव्या व्हॉल्व्हचे लागतील ते थोडेच पैसे. सहा महिन्यांनी एकटा व्हॉल्व्ह बदलायला गेलात तर पुन्हा पूर्ण मजुरी, पुन्हा टायरला लिव्हर लावणं, पुन्हा रिमवर ओरखडे.

शिवाय रबर किलोमीटरनी म्हातारं होत नाही, वर्षांनी होतं. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन यांनी ते कडक होऊन भेगाळतं. रोज फक्त स्टेशनपर्यंत जाणाऱ्या गाडीचा टायर पाच-सहा वर्षं नवाच वाटतो, पण त्याचा व्हॉल्व्हही तेवढीच वर्षं उन्हात उभा असतो. टायर बदलला नाही तरी चार-पाच वर्षांनी व्हॉल्व्ह बदलावा असं माझं ठाम मत आहे. रबराच्या मिश्रणातली चूक काय करते ते 2008 साली अमेरिकेत दिसलं: 2006 मध्ये बनलेले टीआर413 जातीचे (हे व्हॉल्व्हच्या मापाचं नाव, पुढे येईलच) रबरी व्हॉल्व्ह दोन वर्षांच्या आतच भेगाळू लागले आणि ते परत बोलवावे लागले. टायर दोन वर्षांत टाकाऊ होत नाही, व्हॉल्व्ह होऊ शकतो.

बसवून घेताना दोन गोष्टी बघा. रिमच्या भोकाभोवतीचा गंज आणि जुना रबराचा थर खरवडून साफ केला का? आणि व्हॉल्व्हला साबणाचं पाणी लावून ओढला की ऑइल-ग्रीस लावून? ऑइलने रबर फुगतं आणि सडतं. साबणाचं पाणीच योग्य.

व्हॉल्व्ह कोणत्या मापाचा मागायचा?

बऱ्याच ट्यूबलेस मोटारसायकली आणि स्कूटरच्या रिमचं भोक 11.3 मिलिमीटरचं असतं. त्यात टीआर412 आणि टीआर413 दोन्ही बसतात. टीआर412 आखूड असतो, टीआर413 त्याहून सुमारे एक सेंटिमीटर लांब. दुचाकीला आखूडच बरा, कारण लांब देठ जास्त झुकतो. काही मोठ्या गाड्यांच्या रिमला 8.3 मिलिमीटरचं भोक असतं, तिथे नटने आवळायचा धातूचा व्हॉल्व्ह लागतो. जुना व्हॉल्व्ह हातात घेऊन त्याच्याशी जुळवून घेतलेला सगळ्यात चांगला.

ट्यूबच्या गाडीत व्हॉल्व्ह तिरका झाला आहे. काय करावं?

तिरका व्हॉल्व्ह म्हणजे टायर रिमवर सरकला आहे आणि त्याने ट्यूबला सोबत ओढलं आहे. कारण बहुतेक वेळा एकच: हवा कमी ठेवून चालवणं. हवा कमी असली की टायरची रिमवरची पकड ढिली होते आणि जोरात ब्रेक मारल्यावर टायर जागेवरून हलतो. असाच चालवत राहिलात तर एक दिवस व्हॉल्व्ह मुळातून फाटेल आणि सगळी हवा एका झटक्यात जाईल. अशा फाटलेल्या ट्यूबमध्ये हळूहळू हवा जाण्याची सोय नसते.

हवा पूर्ण सोडून, टायरच्या दोन्ही कडा मोकळ्या करून, ट्यूब सरळ करून पुन्हा भरायला लावा. नुसता देठ पकडीने सरळ करणं म्हणजे फाटायला मदत करणं. सरळ केल्यावर हवा कंपनीने सांगितली तेवढीच ठेवा. तरीही पुन्हा तिरका झाला, तर ट्यूबचं माप तपासा.

ट्यूबच्या व्हॉल्व्हवरचा नट किती घट्ट हवा?

रिमवर पक्का आवळायचा नाही. हा नट मुळात ट्यूब बसवताना देठ आत पडू नये म्हणून असतो. तो रिमला घट्ट आवळला आणि ट्यूब सरकली, तर देठ तिरका व्हायला जागाच उरत नाही. मग तो आधी सूचना न देता फाटतो. नट सैल करून वर टोपीपर्यंत आणा आणि टोपीला टेकवून ठेवा. मग तो खडखडतही नाही.

स्कूटरच्या चाकात हवेचं नोझल बसतच नाही. हवावाला देठ ओढून वाकवतो.

दहा आणि बारा इंची चाकांत ड्रम किंवा डिस्क आड येते. काटकोनात वळलेल्या तोंडाचा छोटा ॲडॅप्टर मिळतो, तो गाडीत ठेवा आणि हवा भरताना लावा. भरून झाल्यावर काढून घ्या. कायमचा लावून ठेवला तर त्याचं वजन देठावर राहतं आणि त्याच्या सांध्यातूनही हवा जाऊ शकते. देठ वाकवून भरण्याची सवय दिसली, तर सरळ थांबवा. बुडाच्या भेगा बऱ्याच वेळा तिथूनच सुरू होतात.

ट्यूबलेसमध्ये सीलंट (पंक्चर आतून बुजवणारं द्रव) भरलं आहे. त्याने व्हॉल्व्हला त्रास होतो का?

होतो. सीलंट पिनच्या सीलवर वाळून बसतं, मग एकतर हवा धड भरली जात नाही किंवा पिन पूर्ण बंद होत नाही. हवा तपासताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवा, म्हणजे पातळ सीलंट खाली राहील. सीलंट भरलेल्या टायरची पिन वर्षातून एकदा बदलून टाका.

टोपीच्या जागी लावायचे हवा दाखवणारे सेन्सर बसवू का?

उपयोगाचे आहेत, पण एक गोष्ट समजून घ्या. हा सेन्सर पिनची दांडी सतत दाबून ठेवतो. म्हणजे आता हवा अडवायचं काम पिन करत नाही, सेन्सरचं रबरी सील करतं. ते सैल बसलं तर हवा तिथून जाईल. शिवाय 10 ग्रॅमचा सेन्सर ताशी 100 किलोमीटरला दीड किलोएवढा जोर लावतो आणि रबरी देठ बुडाशी दुमडतो. बसवायचेच असतील तर आधी धातूचे, नटने आवळायचे व्हॉल्व्ह लावून घ्या.

ज्या गाड्यांत कंपनीने रिमच्या आत सेन्सर दिला आहे, तिथे टायर उतरवणाऱ्याला लिव्हर लावण्याआधीच सांगा. तिथली नळी ॲल्युमिनियमची असेल, तर पिन निकेल चढवलेलीच घ्या. साधी पितळी पिन ॲल्युमिनियममध्ये गंजून चिकटते.

कोकणात, समुद्राजवळ राहतो. वेगळी काळजी घ्यावी का?

हो. खाऱ्या हवेने पितळावर हिरवट थर चढतो आणि टोपी जाम होते. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर टोपी काढून आटे ब्रशने साफ करा. टोपी चिकटली असेल तर कोमट पाणी ओता, एका हाताने देठ धरून ठेवा आणि दुसऱ्या हाताने टोपी फिरवा. देठ न धरता पकड लावू नका.

हवा कधी आणि किती तपासावी?

पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी, टायर थंड असताना. बऱ्याच 100-125 सीसीच्या गाड्यांत पुढे 25 आणि मागे 28 ते 33 पीएसआय असते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा चेनकव्हर किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणारा दांडा) स्टिकरवर असतो, तोच खरा. हवेचं तापमान दहा अंशांनी बदललं की साधारण दीड पीएसआयचा फरक पडतो. त्यामुळे डिसेंबरच्या पहाटे हवा थोडी कमी दिसली म्हणून लगेच व्हॉल्व्हवर संशय नको. आणि भर दुपारी तापलेल्या टायरमधली "जास्तीची" हवा सोडू नका.

रस्त्यात व्हॉल्व्ह बुडातूनच तुटला तर?

हँडल घट्ट धरा, थ्रॉटल हळूहळू सोडा, एकदम ब्रेक दाबू नका. पुढचा टायर बसला असेल तर मागचा ब्रेक, मागचा बसला असेल तर पुढचा, तोही हलका. डाव्या कडेला थांबा. तुटलेल्या व्हॉल्व्हच्या भोकात पंक्चरची रबरी पट्टी ठोकून पुढे जाण्याचा प्रयत्न करू नका, ती तिथे टिकत नाही. नवा व्हॉल्व्ह मिळाला नाही, तर पंक्चरवाल्याकडून टायरच्या मापाची ट्यूब टाकून घ्या आणि सावकाश घर गाठा. नंतर ट्यूब काढून व्हॉल्व्ह बसवा.

लांबच्या राइडला सोबत काय ठेवावं?

दोन पिना, पिनची किल्ली, वायसरच्या दोन टोप्या, हवा मोजायचा गेज आणि हातपंप किंवा छोटा कॉम्प्रेसर. ट्यूबलेस गाडी असेल तर तिच्या मापाचा एक व्हॉल्व्हही, कारण आडगावच्या दुकानात टायर उतरवणारे हात मिळतात, पण तुमच्या मापाचा व्हॉल्व्ह मिळेलच असं नाही. पिना कापडात गुंडाळू नका. धागा सीलला चिकटतो आणि तोच पुढे गळतीला कारण होतो. प्लास्टिकच्या छोट्या पाकिटात ठेवा.